जुन्या नकाशांतलं धारूर : आपल्या शिवाराचा इतिहास कसा शोधावा

धारूर, केज, माजलगाव या पट्ट्यातले वाचक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. आमच्या शिवारातला गाडीरस्ता नांगरून टाकला, जुन्या नकाशात तो होता असं वडीलधारे सांगतात, तो नकाशा कुठे मिळेल? गावाजवळचा तलाव निजामाच्या काळातला की बहात्तरच्या दुष्काळातला? डोंगरावर पूर्वी काय होतं, की पहिल्यापासून सीताफळीच? किल्ल्याचं एखादं जुनं चित्र आहे का? विचारणाऱ्यांत शेतकरी असतात, शाळेचे शिक्षक असतात, प्रकल्पाचा विषय मिळालेले विद्यार्थी असतात. गोंधळ मात्र साऱ्यांचा सारखाच: जुना नकाशा हाती आला की सगळं त्यात सापडेल असं वाटतं, आणि चित्र म्हणजे त्या काळचा फोटोच असं धरलं जातं.

दोन्ही साधनं मोलाची आहेत. पण प्रत्येक नकाशा कुणीतरी कुठल्यातरी कामासाठी काढलेला असतो, आणि त्या कामाला जे लागत नव्हतं ते त्यात उतरलेलं नसतं. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढची पायपीट निम्म्याने कमी होते.

आधी प्रश्न नेमका करा

"धारूरचा इतिहास शोधायचाय" असं म्हणून दफ्तरखान्यात गेलात तर तिथला कर्मचारीही हतबल होईल. "अमुक सर्व्हे नंबरच्या उत्तरेकडून ओढ्यापर्यंत गाडीवाट होती का, आणि कधीपर्यंत?" असं विचारलंत तर शोध तिथेच सुरू होतो. प्रश्नानुसार साधन बदलतं:

- रस्ता, पाणंद, शीव, ओढ्याचं पात्र, गायरानाची हद्द: गाव नकाशा आणि त्याच्या जोडीचे भूमी अभिलेख.
- तलाव, बंधारा, घाटवाट, वस्ती, डोंगरावरचा झाडोरा: सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटच्या वेगवेगळ्या काळांतल्या आवृत्त्या आणि उपग्रहचित्रं.
- किल्ला, पेठ, वेस, बारव: तवारिखा, पुरातत्त्वाचे अहवाल, जुने फोटो, आणि सगळ्यात शेवटी चित्रं.

चित्रं शेवटी का, ते पुढे येईलच.

धारूरचे कागद पुण्यात शोधू नका

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. महाराष्ट्रातल्या जुन्या नकाशांबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक मुंबई इलाख्याबद्दल असतं: पेशवे दफ्तर, मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स, इंग्रजांनी केलेली जमीन पाहणी. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६मध्ये तो मुंबई राज्यात आला. त्यामुळे त्या गॅझेटियर्समध्ये धारूर नाही. निजामाच्या राज्यातही मुंबईच्या धर्तीवर जमीन मोजणी झाली, पण ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीसेक वर्षांत, आणि तिची दफ्तरं वेगळ्या वाटेने गेली. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा तो शोध हैदराबादपर्यंत गेला, हे मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. भूमीचा इतिहास शोधणाऱ्यालाही तीच वाट धरावी लागते.

कुठे जायचं, ते जवळून लांब या क्रमाने:

- तालुक्याचं उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालय: गाव नकाशा, टिपण, फाळणी, एकत्रीकरणाचे कागद.
- तहसीलचा अभिलेख कक्ष: खासरा पाहणी पत्रक, जुने सातबारे, फेरफार. मराठवाड्यात १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक हा फार कामाचा कागद आहे. कोणत्या नंबरात विहीर होती, किती जमीन पडीक होती, हे त्यातून कळतं.
- छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेख कार्यालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं ग्रंथालय.
- हैदराबादला तारनाक्याचं तेलंगणा राज्य अभिलेखागार: शाहजहान-औरंगजेबाच्या काळातली दख्खनची फार्सी दफ्तरं आणि पुढचे संस्थानी कागद. इथे नेमका प्रश्न आणि फार्सी-उर्दू वाचणारा जाणकार, दोन्ही बरोबर हवेत.

छापील साधनांत १९६९चं महाराष्ट्र शासनाचं भीर जिल्हा गॅझेटियर आधी वाचा. जेम्स बर्जेस यांचा बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या पुरावशेषांवरचा १८७८चा अहवाल आणि हेन्री कझिन्स यांनी १९००मध्ये छापलेली निजामाच्या मुलखातल्या पुरावशेषांची यादी, ही दोन्ही इंटरनेटवर मोफत मिळतात. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं पुरातत्त्व खातं १९१४मध्ये गुलाम याझदानी यांच्या हाताखाली सुरू झालं. त्या खात्याच्या वार्षिक अहवालांतले फोटो मराठवाड्यातल्या वास्तूंसाठी पाहायलाच हवेत.

शोधताना नावं बदलून पाहा. बीड हे भीर, बीर अशा रूपांत येतं. अंबाजोगाई निजामी कागदांत मोमिनाबाद आहे. मोगलांनी जिंकल्यावर धारूरला फतेहाबाद म्हटलं गेलं, म्हणून फार्सी कागदांत ते नावही पाहावं लागतं. आज धारूर स्वतंत्र तालुका असला तरी जुन्या कागदांत तुमचं गाव केज, माजलगाव किंवा मोमिनाबादखाली सापडू शकतं.

निजामी कागदांवर सन फसली असतो. त्यात ५९० मिळवा म्हणजे इसवी सन येतो: फसली १३२० म्हणजे १९१०-११. वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने जानेवारी ते सप्टेंबर या महिन्यांची नोंद असेल तर ५९१ धरावे लागतात. तलाव फुटल्याची किंवा टंचाईची नोंद जुळवताना हा एका वर्षाचा फरक महत्त्वाचा ठरतो.

गाव नकाशा: सगळ्यात जवळचा साक्षीदार

लोक रेनेलचा १७८०च्या दशकातला हिंदुस्थानचा नकाशा शोधत बसतात आणि तालुक्याच्या कार्यालयात टांगलेला गाव नकाशा बघायचं राहून जातं. रेनेलच्या नकाशात धारूरसारखं ठिकाण म्हणजे एक ठिपका आणि शेजारी नाव. गाव नकाशात तुमचं शेत आहे.

हा नकाशा महसूल वसुलीसाठी काढला गेला. म्हणून लागवडीखालच्या जमिनीच्या हद्दी, ओढे, रस्ते, गावठाण, गायरान यांची त्याला फिकीर आहे, डोंगराच्या उंचीशी किंवा झाडांशी त्याला फारसं देणंघेणं नाही. मोजणी साखळीने झालेली: तेहेतीस फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर.

रस्त्यांच्या खुणा नीट ओळखा, कारण वाद बहुतेक इथेच होतात. महसूल खात्याच्या रूढ संकेतांनुसार:

- दोन भरीव समांतर रेषा: ग्रामीण रस्ता, रुंदी ३३ फूट.
- दोन तुटक समांतर रेषा: गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट.
- एकच तुटक रेषा: पायमार्ग, सव्वाआठ फूट.

नकाशा हातात घेतल्यावर पहिलं काम असं करा. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात ती जागा नकाशात शोधा आणि प्रत्यक्ष तिथे जाऊन उभे राहा. तिथला दगड अजून जागेवर असेल तर तो तुमचा पक्का आधार. तिथून ओढ्याच्या काठाने गावठाणाकडे चालत या, नकाशा हातात धरून. वाटेत नकाशातला ओढा आणि पायाखालचा ओढा जिथे वेगळे होतात तिथे थांबा. पात्र सरकलंय, की कुणी बांध घालून वळवलंय, की नकाशाच ढोबळ आहे? काठावरची जुनी झाडं, मातीचा रंग, बांधाचा दगड बघा, शेजारच्या शेतकऱ्याला विचारा आणि तिथल्या तिथे लिहून ठेवा. एका ओढ्याची अशी एक फेरी दहा पुस्तकांपेक्षा जास्त शिकवते.

एक अडचण हमखास येते. जुन्या नकाशावर सर्व्हे नंबर असतात, आजच्या सातबाऱ्यावर एकत्रीकरणानंतरचा गट नंबर. दोन्हींची सांगड घालणारा एकत्रीकरणाचा कागद सोबत मागून घ्या, नाहीतर शेजाऱ्याच्या शेतात आपला इतिहास शोधत बसाल. महाभूनकाशा या संकेतस्थळावर आजचे गट दिसतात. ते तुलनेसाठी वापरा, जुन्या नकाशाच्या जागी नव्हे.

टोपोशीट मागताना आणि वाचताना

धारूर सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत ५६ बी/१ या शीटवर येतं. अंबाजोगाई ५६ बी/६ वर आणि माजलगाव ५६ ए/४ वर. तुमचा विषय घाटाखालच्या माजलगावच्या बाजूला उतरत असेल तर वरचं आणि खालचं अशी दोन्ही शीट लागतील. आजची ओपन सिरीज शीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. २०२१मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरचे बरेच निर्बंध उठवल्यानंतर पूर्वीची भीती राहिलेली नाही. जुन्या आवृत्त्यांसाठी विद्यापीठांचे भूगोल आणि भूशास्त्र विभाग गाठा. तिथल्या कपाटांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीची शीट अजून असतात.

वाचताना एवढं बघा:

- पाहणीचं वर्ष. छपाईचं वर्ष आणि पाहणीचं वर्ष वेगळं असतं, कधी कधी त्यांत दशकांचं अंतर असतं. शीटच्या समासात दोन्ही दिलेली असतात. इतिहासासाठी पाहणीचं वर्ष धरायचं.
- प्रमाण. जुनी शीट एक इंचाला एक मैल, नवी दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. जुन्या शीटवर उंची फुटांत, नव्यावर मीटरमध्ये.
- रंग. वर्षभर पाणी असणारा प्रवाह निळा, उन्हाळ्यात आटणारा काळा. एखादा ओढा जुन्या शीटवर निळा आणि नव्यावर काळा असेल तर तो शोधाचा धागा आहे, निष्कर्ष नव्हे. पाहणीचा महिना आणि त्या वर्षीचा पाऊस दोन्ही बघावे लागतात.
- अक्षांश-रेखांश. जुनी शीट एव्हरेस्टच्या मापनपद्धतीवर बेतलेली, मोबाइलचं जीपीएस वेगळ्या पद्धतीवर. जुन्या शीटवरचे आकडे थेट मोबाइलमध्ये टाकले तर जागा सरकते. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरून नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवा. त्यासाठी खुणा निवडताना किल्ल्याच्या बुरुजाचा कोपरा, जुनं देऊळ, डोंगरमाथ्यावरचं मोजणीचं ठाणं अशा न हलणाऱ्या गोष्टी घ्या. ओढ्याचं वळण कधीही घेऊ नका.

याखेरीज अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५०च्या दशकात भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे छापले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते मोफत ठेवले आहेत. त्यांत एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, त्यामुळे पाणंद शोधायला ते निरुपयोगी आहेत. मोठे रस्ते, घाट आणि वस्त्या यांचं ढोबळ चित्र मात्र त्यांतून छान कळतं.

तलाव कधीचा? एक प्रश्न शेवटपर्यंत

समजा, तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला मातीचा बांध आहे, दगडी पिचिंग अर्धं ढासळलंय, आणि गावात दोन मतं आहेत: एक म्हणतं निजामाने बांधला, दुसरं म्हणतं दुष्काळात आमच्या आजीने तिथे माती वाहिली.

पहिली पायरी गाव नकाशा. त्या नंबरांवर तलावाची हद्द दाखवली आहे का, की सरळ शेतं आणि ओढा? सरळ शेतं असतील तर मोजणीच्या वेळी तलाव बहुधा नव्हता. दुसरी पायरी जुनं टोपोशीट, पाहणीच्या वर्षासह. तिसरी पायरी हेरगिरीची उपग्रहचित्रं. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली चित्रं १९९५मध्ये खुली झाली आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर मिळतात. आधी स्कॅन झालेली फुकट, बाकीची शुल्क भरून. शेवटच्या वर्षांतली चित्रं इतकी बारीक आहेत की बांध, विहिरीचा घेर, गाडीवाटेची पांढरी रेघ ओळखता येते. या तिन्हींत बांध नसेल आणि पुढच्या आवृत्तीच्या शीटवर तो उगवला असेल, तर १९७२-७३च्या दुष्काळातल्या कामांकडे बोट जातं. त्या वर्षांत महाराष्ट्रभर पाझर तलाव झाले आणि लाखो माणसं त्यांवर खपली. मग चौथी पायरी: पंचायत समिती आणि पाटबंधारे खात्याची कामांची नोंद, आणि माती वाहिलेल्या आजी असतील तर त्यांच्याशी बोलणं. त्यांना विचारायला उशीर करू नका. कागद आणखी वीस वर्षांनीही मिळेल.

उलटही घडू शकतं. जुन्या नकाशात तलाव असेल आणि आज तिथे शेतं असतील. अशा वेळी आरोप करण्याआधी तो तलाव कधी गाळाने भरला, कधी फुटला, जमीन कुणाच्या नावे कशी झाली, हे फेरफारांतून काढा.

माजलगावचं धरण या कामात चांगली खूण ठरतं. सिंदफणेवरचा तो जलाशय १९८०च्या दशकातला आहे. एखाद्या नकाशावर तारीख नसेल पण जलाशय असेल, तर तो नकाशा त्यानंतरचा. नसेल, तर पाहणी आधीची असण्याची शक्यता मोठी.

डोंगरावर काय होतं?

धारूरच्या बालाघाटाचं आजचं रूप सीताफळीचं आहे, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण वनस्पतिशास्त्रज्ञ हे झाड उष्ण अमेरिकेतलं मानतात, तेव्हा "पहिल्यापासून सीताफळीच" हे काही टिकत नाही. त्याआधी काय होतं, हे नकाशावरचा हिरवा रंग एकटा सांगणार नाही. तिथे छापलेले बारीक शब्द वाचा: दाट जंगल, विरळ झुडपं, आरक्षित वन. आरक्षित वन हा कायद्याचा दर्जा आहे, तिथे उभी झाडं असतीलच असं नाही.

उपग्रहचित्रांची तुलना करताना महिना सारखा घ्या. सीताफळीची पानं उन्हाळ्यात झडतात. ऑक्टोबरचं जुनं चित्र आणि एप्रिलचं नवं चित्र शेजारी ठेवून "जंगल संपलं" असं म्हणणारे अहवाल मी पाहिले आहेत, आणि अशा अहवालांनी गावाचं नुकसानच होतं, कारण पुढे खरं सांगणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

चित्रांकडून काय घ्यावं

जुन्या चित्रकारांच्या वाटा वेरूळ, दौलताबाद, विजापूर अशा ठिकाणांवरून गेल्या. म्हणून धारूरसाठी शेजारच्या चित्रांचा उपयोग तुलनेला करायचा आणि वर्णन लेखी साधनांतून घ्यायचं.

धारूरचा किल्ला विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने १५६७च्या सुमारास बांधला. दोनेक वर्षांतच तो अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने घेतला. जानेवारी १६३१मध्ये शाहजहानचा सरदार आझमखान याने तो मोगलांसाठी जिंकला. अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यात या मोहिमेचं वर्णन आहे, आणि त्याचा इंग्रजी सारांश एलियट आणि डाउसन यांच्या सातव्या खंडात मोफत वाचता येतो. कड्यावर वसलेला किल्ला, त्याला लागून खोल खडबडीत दऱ्या, जवळच कसबा आणि बाजार असं ते वर्णन. हे पान घेऊन किल्ल्याच्या गावाकडच्या बाजूला उभे राहा. दरी कुठे आपोआप संरक्षण देते, कुठे ती नसल्याने खंदक खोदावा लागला, बाजाराची जागा खंदकाच्या कोणत्या अंगाला असू शकते, हे पायांनी तपासा. चारशे वर्षांपूर्वीचं वाक्य आणि आजची जमीन एकमेकांशी बोलू लागतात.

त्याच मोहिमेतल्या, त्याच वर्षीच्या एका वेढ्याचं चित्र जगप्रसिद्ध आहे. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या किल्ल्याचा १६३१चा वेढा पयाग या चित्रकाराने रंगवला, तो विंडसर कॅसलमधल्या बादशाहनाम्याच्या प्रतीत आहे. तिथल्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ते चित्र मोठं करून बघता येतं. अशा चित्राला तीन प्रश्न विचारा:

- काढणारा तिथे गेला होता का? दरबारी कारखान्यात बसून, ऐकीव माहितीवर आणि आधीच्या चित्रांच्या वळणावर काढलेले डोंगर इराणी वळणाचे येतात. ते बालाघाट नव्हेत.
- कुणासाठी काढलं? बादशहाच्या विजयासाठी काढलेल्या चित्रात किल्ला जितका भक्कम तितका विजय मोठा.
- सहज काय आलं आहे? तोफा, सुरुंग, मोर्चे, सैनिकांचे पोशाख, खंदक आणि तटाचं नातं. चित्रकाराला जे सिद्ध करायचं नव्हतं, पण काढावंच लागलं, ते बहुधा भरवशाचं.

इंग्रज आणि युरोपी चित्रकारांच्या बाबतीत उलटी अडचण. ते जागेवर बसून काढत, पण चित्र देखणं दिसावं म्हणून डोंगर उंच करत, पुढे एक वाकडं झाड घालत, पडक्या भिंतीवर वेल चढवत. कर्नल मॅकेन्झींसारख्या मोजणीदारांच्या हाताखाली झालेली रेखाटनं त्या मानाने विश्वासार्ह, कारण त्यांचा हेतू मोजमापाचा होता.

फोटोंत सहाव्या निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचे फोटो आधी शोधा. त्यांच्या काचपट्ट्यांचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे.

घरातले कागद आणि फोटो

माझ्या मते खरा खजिना इथे आहे, आणि तोच रोज भंगारात जातो. १९५० ते १९९०मधले लग्नाचे, शाळेचे, जत्रेचे, किल्ल्याच्या सहलीचे फोटो काढा आणि माणसांच्या मागचं बघा. डोंगराची कड, झाडं, वेस, पायऱ्या, विहिरीवरची मोट. डोंगराची कड बदलत नाही, त्यामुळे आज तीच कड तशीच दिसेल अशा जागी उभं राहून पुन्हा फोटो काढता येतो. फोटोच्या मागे वर्ष, ठिकाण आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून ठेवा, पेन्सिलने.

खरेदीखतं आणि इनामाचे मुंतखब यांतली चतुःसीमा वाचा. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस अमक्याची विहीर, दक्षिणेस चिंचेचं झाड: हे शब्दांत काढलेले नकाशेच आहेत. एकाच जमिनीची तीन पिढ्यांची तीन खतं मिळाली तर गाडीवाट कोणत्या खतापासून गायब झाली तेही दिसतं. कागद मोडीत असेल तर फोटो काढून जाणकाराकडे द्या. मूळ कागद कुणाच्याही हाती सोपवू नका.

फसगतीच्या जागा

- झेरॉक्स आणि मोबाइलचा फोटो यांत प्रमाण बिघडतं. नकाशावरची मोजपट्टीही फोटोत आलीच पाहिजे, आणि मोबाइल नकाशाला समांतर धरा.
- नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नव्हतं असं होत नाही. वाडी-तांडे, भटक्यांचे तळ, गुराखी वापरत ती पाणवठ्याची वाट, हे महसुली नकाशात क्वचित येतं.
- एकाच साधनावर निकाल देऊ नका. वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या कामासाठी केलेली दोन साधनं जुळली तरच "होतं" म्हणा. एका नकाशावरून उतरवलेला दुसरा नकाशा हे दुसरं साधन धरता येत नाही.

तुमचे हक्क आणि त्यांची हद्द

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम ३२७नुसार नकाशे आणि भूमी अभिलेख नागरिकांना पाहण्यासाठी खुले आहेत आणि ठरलेली फी भरून नक्कल मिळते. संशोधनासाठी हवंय की वादासाठी, हे सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही. अर्जात गावाचं नाव, जुना तालुका, सर्व्हे किंवा गट नंबर आणि हवा तो कागद स्पष्ट लिहा, पोच घ्या. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, त्यानंतर पहिलं अपील. "नकाशा जीर्ण आहे" असं उत्तर आलं तर जागेवर पाहू देण्याची मागणी करा, तीही त्याच कायद्यात बसते.

रस्त्याच्या वादात गाव नकाशाची प्रमाणित नक्कल वजनदार असते. टोपोशीट, कोरोनाचं चित्र, घरचा फोटो हे पूरक. वहिवाटीचा रस्ता नुकताच अडवला असेल तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६च्या कलम ५खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. नकाशे गोळा करण्याच्या नादात ही मुदत घालवू नका, आधी अर्ज द्या, पुरावे मागून जोडता येतात. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महसूल संहितेचं कलम १४३ वेगळं आहे. आणि दोन शेतांची हद्द ठरवायची असेल तर एकही जुना नकाशा मोजणीची जागा घेऊ शकत नाही, मोजणी खात्याकडूनच करून घ्यावी लागेल.

छापायचं असेल तर संग्रहालयातल्या चित्राची परवानगी घ्या, आणि घरच्या फोटोंसाठी त्या घराची. सरकारी नकाशांवर छपाईपासून साठ वर्षं सरकारचा हक्क असतो.

किल्ला आणि जुन्या बारवांच्या बाबतीत कळकळीची विनंती आहे. संरक्षित वास्तूत खोदणं, दगड हलवणं हा गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेल्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८च्या कायद्याने बंधनकारक आहे. बुजलेली भुयारं, एकाकी मूर्ती, जुनी टाकी यांच्या नेमक्या जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. गुप्तधनाच्या मागे लागलेले लोक त्या वाचतात, आणि रात्रीत पहार चालते. अशी जागा सापडली तर फोटो, तारीख आणि जागेचं वर्णन लिहून राज्य पुरातत्त्व विभागाच्या छत्रपती संभाजीनगर इथल्या कार्यालयाला आणि तहसीलदारांना कळवा. तुमच्या अर्जाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी आवक क्रमांकासह ठेवा, म्हणजे पुढे कुणी शोधायला आलं तर त्याला ती सापडेल.